खिडकीपाशी आलेला पक्षी

१

मराठीत ‘ओळखणे’ आणि ‘ओळख असणे’ हे दोन प्रयोग एकाच मुळापासून निघाले असले, तरी त्यांचे अर्थ वेगळ्या दिशांना जातात. झाडावरचा पक्षी पाहून हा तांबट, तो कोतवाल, असे सांगता येणे म्हणजे ओळखणे. रोज सकाळी ठरावीक वेळेला खिडकीच्या गजावर येऊन बसणाऱ्या, एक पाय किंचित दुमडून उभ्या राहणाऱ्या साळुंकीशी घरातल्या माणसांची जी होते ती ओळख. पहिल्या क्रियेत आपण पक्ष्याला त्याच्या जातीत नेऊन बसवतो, दुसरीत त्याला जातीतून बाहेर काढतो. पहिलीला पुस्तक लागते, दुसरीला शेजार लागतो.

पक्षिनिरीक्षणाचा इतिहास बहुधा पहिल्या अर्थाने लिहिला जातो. त्यात मोहिमा असतात, संग्रहालये असतात, ग्रंथ आणि नामावळ्या असतात. प्रस्तुत लेखात आम्ही तोच इतिहास एका अगदी घरगुती वस्तूच्या बाजूने वाचून पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे रानपाखरांसाठी बागेत ठेवलेले दाण्याचे तबक किंवा टांगलेली नळी, जिला आता आपल्याकडेही ‘फीडर’ असेच म्हणतात. ही वस्तू मुख्यतः ब्रिटन, जर्मनी आणि उत्तर अमेरिकेतली. तिथल्या हिवाळ्याने ती घडवली आणि तिथल्या मध्यमवर्गाने ती वाढवली. ब्रिटनमध्ये आज जवळजवळ निम्म्या घरांतून पक्ष्यांना खाणे घातले जाते. अमेरिकेत २०१६ च्या सरकारी पाहणीनुसार असे करणाऱ्यांची संख्या पाच कोटींहून अधिक होती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. फीडरने बंदुकीवाचून पक्षी जवळ आणला. जवळ आलेला पक्षी मोजण्याची सवय त्याने सामान्य माणसाला लावली. आणि ह्या मोजणीनेच पुढे माणसाच्या दयाळूपणाचा पक्ष्यांना काय जाच होतो तेही उघड केले. तिसऱ्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते. आम्हांला ती सर्वांत मोलाची वाटते.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पक्षी ओळखण्याचा प्रतिष्ठित मार्ग बंदुकीच्या नळीतून जात होता. दुर्बिणी क्षीण होत्या, हाताशी बाळगता येतील अशी पुस्तके नव्हती, आणि ‘मी पाहिला’ ह्या शब्दाला शास्त्राच्या दरबारात किंमत नव्हती. मेलेला पक्षी हातात आला म्हणजे चोचीची लांबी घेता येई, पंखांतली पिसे मोजता येत, कातडे भरून खणात ठेवता येई. पुरावा म्हणून हे कातडेच मानले जाई.

ह्या मार्गाने खरे शोध लागले, हे नाकारून चालणार नाही. ब्रिटनमधल्या विलो टिट ह्या पक्ष्याची कथा पाहावी. आपल्याकडे वल्गुली म्हणतात त्या कुळातला हा चिमुकला पक्षी त्या बेटावर पूर्वीपासून राहत होता, पण त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या मार्श टिटमध्ये त्याची गणना होत होती. १८९७ साली ओटो क्लाइनश्मिट आणि एर्न्स्ट हार्टर्ट हे दोन जर्मन अभ्यासक ब्रिटिश म्युझियममधली मार्श टिटची कातडी तपासत असताना त्यांतली दोन वेगळी निघाली. लोकांच्या परसात जिवंत फिरणारा पक्षी अशा रीतीने संग्रहालयाच्या खणात प्रथम ‘सापडला’. आपल्याकडचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १९०८ साली मुंबईत लहानग्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड ह्यांच्याकडे गेले. भारतीय पक्षिशास्त्रातल्या सर्वांत मोठ्या नावाची सुरुवातही मेलेल्या पक्ष्याच्या ओळखीपासून झाली आहे.

तरीही कानांनी आणि धीराने ओळखण्याची एक क्षीण परंपरा ह्याच काळात वाहत होती. सेलबोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट हा तिचा मूळपुरुष. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात, दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन वटवट्या गाण्यावरून वेगळ्या कशा ओळखाव्यात ह्याचे विवेचन आहे. शंभर वर्षांनी, १८८९ मध्ये, अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरिअम ह्या तरुण लेखिकेने नाटकाला नेतात तसली छोटी दुर्बीण घेऊन पक्षी कसे पाहावेत ह्यावर पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या नावातच ती दुर्बीण आहे. १९०१ साली इंग्लंडमध्ये एडमंड सेलूस ह्याचे ‘बर्ड वॉचिंग’ आले. सेलूसचा भाऊ आफ्रिकेतला नामांकित शिकारी होता. ह्याने मात्र बंदूक टाकून देऊन तासन्‌तास नुसते पाहत बसण्याचा मार्ग धरला.

ह्या संक्रमणाचे सर्वांत बोलके चित्र फ्रँक चॅपमन ह्या अमेरिकी माणसाच्या दोन मोजण्यांत आहे. १८८६ साली त्याने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात दोन फेऱ्या मारून बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पक्ष्यांची पिसे किंवा पक्ष्यांचे अवयव लावलेले होते, आणि त्यांवरून त्याने चाळीस जाती ओळखल्या. रस्त्याने चालता चालता केलेले हे पक्षिनिरीक्षणच होते, फक्त पक्षी मेलेले होते. पुढे १९०० साली त्यानेच नाताळच्या दिवशी दोन गट पाडून अधिकाधिक पाखरे मारण्याच्या तिकडच्या प्रथेला पर्याय म्हणून, त्याच दिवशी जिवंत पक्षी मोजण्याची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी २७ माणसांनी मोजणी केली आणि सुमारे ९० जाती नोंदल्या. ही नाताळगणना आजही चालू आहे.

ओळखण्याचे हत्यार सर्वांच्या हाती आले ते १९३४ मध्ये. रॉजर टोरी पीटरसन ह्या चित्रकाराने काढलेल्या ओळखपुस्तिकेत पक्ष्यांची चित्रे सोपी करून एकमेकांशेजारी मांडलेली होती आणि प्रत्येकाच्या भेदक खुणेकडे बारीक रेघ ओढलेली होती. पंखावरची पट्टी, डोळ्यावरची भिवई, शेपटीची कड, एवढे दिसले की पुरे. २००० प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. भारतात ह्याच गरजेला १९४१ सालच्या सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने उत्तर दिले.

परंतु पुस्तक हाती असून भागत नाही. पुस्तकातली खूण दिसण्याइतका पक्षी जवळ यावा लागतो, आणि जवळ येऊन थांबावा लागतो. हे काम दाण्याने केले.

३

श्रॉपशर परगण्यात वेस्ट फेल्टन येथे राहणाऱ्या जॉन फ्रीमन डोव्हस्टन ह्या कवी-निसर्गप्रेमी गृहस्थाने १८२५ च्या सुमारास एका जुन्या गव्हाणीला बसण्याच्या काड्या लावून ती पक्ष्यांसाठी मांडली आणि तिला ग्रीक शब्द जोडून ‘ऑर्निथोट्रोफ’ असे भारदस्त नाव दिले. काष्ठचित्रकार टॉमस ब्यूइक ह्याचा हा मित्र. नाव टिकले नाही, कल्पना टिकली. पुढे १८९०-९१ चा हिवाळा इंग्लंडमध्ये इतका कडक निघाला की, वृत्तपत्रांनी वाचकांना पक्ष्यांना खाणे घालण्याचे आवाहन केले. १९१० पर्यंत ‘पंच’ ह्या विनोदी नियतकालिकाने पक्ष्यांना खाऊ घालणे हा राष्ट्रीय छंद झाल्याचे जाहीर करून टाकले होते.

जर्मनीत ह्याच सुमारास थुरिंगियातल्या झेबाख येथील जमीनदार हान्स फॉन बेर्लेप्श हा वेगळ्या हिशेबाने त्याच ठिकाणी पोचला होता. त्याचा विचार शेतीचा होता. पक्षी किडे खातात, तेव्हा ते जगवावेत. हिवाळ्यात त्यांना खाणे द्यावे, उन्हाळ्यात घरटी द्यावीत. सदाहरित झाडाच्या फांद्यांवर वितळलेल्या चरबीत दाणे कालवून ओतण्याची युक्ती त्याची. त्याच्या पद्धतीवरचे पुस्तक १९०८ मध्ये इंग्रजीत गेले आणि इंग्लंडच्या भूतदयेला जर्मन तंत्राची जोड मिळाली.

हिवाळाच का, हे समजण्यासाठी पक्ष्याच्या शरीराकडे पाहावे लागते. ब्लू टिटचे वजन सुमारे अकरा ग्रॅम. उत्तरेकडच्या डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची. एवढ्याशा देहात रात्रभराच्या उबेपुरती चरबी साठवायची, ती रात्रीत जाळायची आणि उजाडताच पुन्हा शोधाला लागायचे, असा त्याचा नित्यक्रम असतो. बर्फाने जमीन झाकली तर एक-दोन दिवसांत खेळ संपतो. अशा वेळी खिडकीबाहेरच्या मूठभर दाण्यांना जीवनमरणाचे मोल येते, आणि म्हणूनच एरवी माणसाच्या सावलीला न थांबणारे पाखरू काचेपासून दोन हातांवर निवांत बसते.

आपल्या परंपरेतही पक्ष्याला अन्न घालणे आहेच. काकबळी आहे, पिंडाला शिवणारा कावळा आहे, पारव्यांना घातलेले धान्य आहे. परंतु त्यात आणि ह्यात एक भेद आहे आणि तो पुढील विवेचनाला उपयोगी आहे. काकबळी घेणारा कावळा हा कावळा म्हणून पाहिला जात नाही. तो पितरांचा प्रतिनिधी असतो. तो साधा गावकावळा की काळाकुट्ट डोमकावळा, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. खिडकीतल्या तबकाभोवती मात्र ‘हा कोण?’ हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहिला.

४

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे इंग्लंडमध्ये थोड्याच वर्षांच्या अंतराने पुढे आली आणि ती आमच्या आरंभीच्या दोन अर्थांशी चांगली जुळतात.

पहिले उत्तर डेव्हिड लॅक ह्यांचे. डेव्हनमधल्या डार्टिंग्टन येथे शाळामास्तर असताना त्यांनी आसपासच्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घातली. रॉबिन हा इंग्रजांचा लाडका, बागकाम करणाऱ्याच्या फावड्यावर येऊन बसणारा, नाताळच्या शुभेच्छापत्रांवर मिरवणारा तांबड्या छातीचा पक्षी. नर-मादी दिसायला सारखीच, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी एकाला दुसऱ्यापासून वेगळे करणे अशक्य. कड्यांमुळे ते शक्य झाले, आणि १९४३ सालच्या ‘द लाइफ ऑफ द रॉबिन’ ह्या पुस्तकात हा गोजिरवाणा पक्षी हद्दीसाठी अत्यंत भांडखोर असल्याचे दिसून आले. तारेवर लावलेल्या तांबड्या पिसांच्या नुसत्या झुपक्यावरही तो तुटून पडे. प्रौढ रॉबिनचे सरासरी आयुष्य पुढे जेमतेम वर्षभराचे उरते, हेही कड्यांनी दाखवले. ‘गेली सहा वर्षे तोच आमच्याकडे येतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या घरात बहुधा सहा वर्षांत तीन-चार वेगळे रॉबिन येऊन गेलेले असत, असा ह्याचा अर्थ होतो.

दुसरे उत्तर लेन हॉवर्ड ह्यांचे. पेशाने वादक असलेल्या ह्या बाई ससेक्समधल्या डिचलिंगजवळ एका लहान घरात एकट्या राहत. त्यांच्या खिडक्या पक्ष्यांसाठी उघड्या असत. ग्रेट टिट घरात येत, जेवणाच्या टेबलावर उतरत, रात्री घरातच झोपत. हॉवर्डबाईंनी कडी वापरली नाहीत. चेहऱ्याची ठेवण, उभे राहण्याची ढब, स्वभाव ह्यांवरून त्या एकेक पक्षी ओळखत आणि त्याला नाव देत. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच ‘बर्ड्‌स ॲज इंडिव्हिज्युअल्स’ असे आहे. ज्युलियन हक्सली ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्याला प्रस्तावना लिहिली. तरीही प्रयोगशाळेबाहेरच्या, विनाउपकरण ज्ञानाला मिळावे तेवढे स्थान त्या लेखनाला मिळाले नाही. बहुतेक वाचकांनी ते गोड गोष्टींचे पुस्तक म्हणून वाचले.

आमच्या मते ह्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चुकीचे ठरेल. लॅक ह्यांनी भावनेला शिस्त लावली. ‘तोच तो’ ह्या भ्रमाला कड्याची कसोटी दिली. हॉवर्ड ह्यांनी शिस्तीला आठवण करून दिली की, जातीच्या वर्णनात न मावणारा स्वभाव प्रत्येक पक्ष्याला असतो. पुढच्या काळातल्या संशोधनाने त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी उचलून धरले; पक्ष्यांतले व्यक्तिविशेष हा आज अभ्यासाचा मान्य विषय आहे.

ह्या दोहोंच्या मधली एक घटना दुधाच्या बाटल्यांची. इंग्लंडात सकाळी दाराशी ठेवलेल्या बाटल्यांची झाकणे फोडून वरची साय खाताना टिट पक्षी १९२१ मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावी पहिल्यांदा नोंदले गेले. जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड ह्यांनी लोकांकडून पत्रे मागवून १९४९ साली ह्या सवयीच्या प्रसाराचा नकाशा मांडला. टिट सहसा फार दूर जात नाहीत. मग लांबलांबच्या गावी ही विद्या कशी उगवली? काही ठिकाणी एखाद्या पक्ष्याने ती नव्याने शोधली असावी आणि शेजाऱ्यांनी त्याच्यापासून उचलली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१५ साली ऑक्सफर्डजवळच्या विटम जंगलात ल्यूसी ॲप्लिन आणि सहकाऱ्यांनी ग्रेट टिटवर केलेल्या प्रयोगाचा निकाल ह्या तर्काला पूरक निघाला. खाण्याच्या पेटीचे दार डावीकडून किंवा उजवीकडून सरकवायला काही पक्ष्यांना शिकवून सोडले, तर त्या त्या टोळीत तीच रीत रूढ झाली आणि पुढच्या वर्षीही टिकली. पण मूळ सामग्री दारातल्या बाटलीकडे चिडून किंवा कौतुकाने पाहणाऱ्या सामान्य माणसांनी पुरवली होती, हे विसरू नये.

५

सामान्य माणसाच्या ह्या पाहण्याला पद्धतशीर मोजणीचे रूप १९७० नंतर आले. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ह्या संस्थेने १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून बागेतल्या खाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांची साप्ताहिक नोंद सुरू केली. १९७६ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत लाँग पॉइंट येथील पक्षिनिरीक्षण केंद्राने एरिका डन ह्यांच्या पुढाकाराने असेच सर्वेक्षण आरंभले; १९८७ च्या हिवाळ्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेच्या साथीने ते साऱ्या उत्तर अमेरिकेत पसरले आणि ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ झाले. पहिल्याच वर्षी चार हजारांहून अधिक लोक त्यात सामील झाले. १९७९ साली ब्रिटनच्या आरएसपीबी ह्या संस्थेने मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमातून बागेतले पक्षी मोजण्याचे आवाहन केले, तेव्हा काहीशे पत्रांची अपेक्षा असताना ३४,००० उत्तरे आली.

ह्या मोजण्यांतला एक नियम सांगण्याजोगा आहे. एका वेळी एकत्र दिसलेली जास्तीत जास्त संख्या तेवढी लिहायची. सकाळभरात चार चिमण्या दहा वेळा आल्या, तर चाळीस लिहायच्या नाहीत, चारच लिहायच्या. कारण त्या त्याच चार असू शकतात. लॅक ह्यांच्या कड्यांनी शिकवलेला संशय इथे लाखो लोकांच्या स्वयंपाकघरात पोचलेला दिसतो. डाउनी आणि हेअरी ह्या दोन अमेरिकी सुतारपक्ष्यांत फरक करायचा तर आकाराच्या अंदाजावर न विसंबता चोच डोक्याच्या मानाने किती लांब आहे ते पाहावे, हे तिथे शाळकरी मुलालाही माहीत असते. ओळखण्याची विद्या इतकी खाली झिरपल्याची उदाहरणे इतर शास्त्रांत विरळाच.

मोजणीने काय दिले? एक तर तिने लक्षात न येणारी घट लक्षात आणून दिली. साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंग आणि आपली घरचिमणी हे ब्रिटिश बागांतले सर्वांत सामान्य पक्षी. सामान्य म्हणूनच त्यांच्या कमी होण्याकडे कोणाचे लक्ष जात नव्हते. २००२ साली ते दोघेही तिथल्या संवर्धनाच्या लाल यादीत गेले, त्यामागे अशाच नोंदींचे बळ होते. उलट दिशेनेही मोजणी डोळे उघडते. आपल्याकडे चिमण्या नाहीशा झाल्या असे सर्रास म्हटले जाते. हजारो हौशी निरीक्षकांच्या याद्यांवर आधारलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ ह्या २०२० च्या अहवालाने मात्र दाखवले की, देशभराचा विचार करता पंचवीस वर्षांत चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे. ती घटली आहे ती मुंबईसारख्या महानगरांत. हळहळ खोटी नव्हती, तिचा पत्ता चुकला होता.

दुसरे म्हणजे, दाणा पक्ष्यांचे समाज बदलून टाकतो हे मोजणीने सिद्ध केले. गोल्डफिंच हा लाल तोंडाचा, पिवळ्या पट्टीच्या पंखांचा पक्षी एकेकाळी पिंजऱ्यासाठी पकडला जाई. १९७२ मध्ये तो नोंदींतल्या अवघ्या ८ टक्के बागांत येत होता. २०१२ मध्ये ८७ टक्के बागांत येऊ लागला. ह्या बदलाचे श्रेय दिले जाते ते सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांना आणि ‘नायजर’ नावाच्या एका बारीक काळ्या बीला.

नायजर म्हणजे आपले कारळे, खुरासणी. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, नाशिकच्या डोंगराळ आदिवासी भागात पावसाळ्याच्या शेवटी ज्याची पिवळी फुले उतारांवर पसरतात, तेच. भारत आणि इथिओपिया हे त्याचे प्रमुख उत्पादक आहेत, आणि भारतातून बाहेर जाणाऱ्या कारळ्याचा मोठा भाग पाश्चात्त्य पाखरांच्या पोटात जातो. अमेरिकेत उतरताना ते आधी तापवून निर्जीव करावे लागते, कारण त्यात अमरवेलीसारख्या तणांचे बी मिसळलेले असू शकते. १९९८ साली तिकडच्या व्यापाऱ्यांनी त्याचे स्पेलिंग बदलून नवे व्यापारी नाव नोंदवले. जुन्या स्पेलिंगचा उच्चार वर्णद्वेषी शिवीकडे घसरू शके. डोंगरउतारावर हलक्या जमिनीत घेतलेल्या पिकाने सातासमुद्रापलीकडच्या बागेत कोणता पक्षी दिसावा हे ठरवावे, ही गोष्ट आम्हांला जागतिकीकरणावरच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

६

आता ह्या कथेची काळी बाजू.

हाउस फिंच हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा पक्षी. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कचे पक्षिविक्रेते तो बेकायदेशीरपणे विकत होते; कारवाईच्या भीतीने काही पक्षी सोडून दिले गेले आणि त्यांची प्रजा पूर्वेकडे फैलावली. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या आसपास फीडर पाहणाऱ्या लोकांना ह्या पक्ष्यांचे डोळे सुजून चिकटलेले दिसू लागले. कोंबड्यांत आढळणारा एक जीवाणू ह्या पक्ष्यांत शिरला होता. कॉर्नेलच्या प्रयोगशाळेने घरोघरच्या निरीक्षकांकडून माहिती मागवली आणि रानपक्ष्यांतली एक साथ पहिल्या पावलापासून पसरताना पाहण्याची दुर्मीळ संधी शास्त्राला मिळाली. मात्र आजारी पक्षी ज्या छिद्रात तोंड घालतो, त्यातच निरोगी पक्षीही तोंड घालतो. ज्या खिडकीतून साथ दिसली, त्याच खिडकीबाहेर ती पसरतही होती.

ब्रिटनमध्ये ह्याहून वाईट घडले. पारव्या-कबुतरांच्या घशात आढळणारा एक सूक्ष्म परजीवी २००५ मध्ये फिंच कुळातल्या पक्ष्यांत दिसला आणि २००६ पासून ग्रीनफिंच ह्या हिरव्या पक्ष्यांची मरी सुरू झाली. घसा सुजतो, गिळता येत नाही, चोचीतून लाळ आणि अर्धवट चावलेले दाणे बाहेर पडतात आणि ते दुसरा पक्षी टिपतो. २००९ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. २०२१ मध्ये ग्रीनफिंचही लाल यादीत गेला. हा रोग फैलावण्याचे एक प्रमुख ठिकाण म्हणजे बागेतले तबक. आपल्या भाषेत सांगायचे तर हा उष्ट्याचा रोग आहे. २०२५ मध्ये आरएसपीबीने पसरट तबकांची आपली विक्री थांबवली. ज्या संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पक्ष्यांकडे वळवले, तिलाच हे करावे लागले.

दाण्याचे सूक्ष्म परिणाम आणखी दूर जातात. मध्य युरोपातले ब्लॅककॅप पूर्वी हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे जात. गेल्या काही दशकांत त्यांतले काही वायव्येला ब्रिटनकडे येऊ लागले. ह्या दिशेचा कल आनुवंशिक असल्याचे पीटर बेर्टहोल्ड ह्यांच्या प्रयोगांनी १९९२ मध्ये दाखवले, आणि ते येऊन टिकतात ह्यामागे सौम्य होत गेलेल्या हिवाळ्याबरोबर बागांतल्या खाण्याचाही हात असल्याचे पुढे नोंदींवरून दिसले. २०१७ च्या एका अभ्यासात विटम जंगलातल्या ग्रेट टिटच्या चोची हॉलंडमधल्या भाऊबंदांपेक्षा लांब आढळल्या. फीडरमधून दाणा काढण्याचा तो परिणाम असावा असे संशोधकांचे अनुमान आहे. आपण पक्ष्याला खाऊ घालतो तेव्हा त्याचा प्रवास, कदाचित त्याची चोचही, आपण घडवत असतो.

ह्या संदर्भात २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या कबूतरखान्यांवरून झालेला वाद आठवणे अप्रस्तुत होणार नाही. महापालिकेने ते बंद केले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दादरला आंदोलने झाली. एका बाजूने श्वसनविकारांची भीती होती, दुसऱ्या बाजूने जीवदयेची जुनी निष्ठा होती. दोन्ही भावना खऱ्या होत्या. तथापि एकच धान्य, एकाच जागी, अमर्याद टाकले की एकाच जातीची गर्दी होते आणि त्या गर्दीचा त्रास माणसांइतकाच पक्ष्यांनाही होतो, हा मुद्दा त्या गदारोळात फारसा ऐकू आला नाही. दया आणि निरीक्षण ह्यांची फारकत झाली की असे होते.

७

मग दाणा टाकूच नये काय? इतिहास असे सांगत नाही. ज्या माणसांनी तबके मांडली, त्यांनीच स्टार्लिंगची घट पाहिली, हाउस फिंचचे डोळे पाहिले, ग्रीनफिंचचा मृत्यू पाहिला. दूरच्या जंगलातली मरी कित्येकदा कोणाला कळतही नाही. ही कळली, कारण पक्षी ओळखीच्या अंतरावर होता आणि पाहणाऱ्याला तो ओळखता येत होता. खाऊ घालणे हा दोष नाही. खाऊ घालून पाठ फिरवणे हा दोष आहे. दर आठवड्याला तबक घासावे, त्याची जागा बदलत राहावे, फुगून बसलेला आजारी पक्षी दिसला तर काही आठवडे दाणा बंद करावा, आणि आले-गेले ते लिहून ठेवावे, एवढे नियम अनुभवाने तयार झाले आहेत.

फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षिगणनेत २०१३ पासून भारतातले लोकही भाग घेतात. महाविद्यालयांच्या आवारात विद्यार्थी वही घेऊन पंधरा मिनिटे झाडाखाली उभे राहतात. त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या दिवशी चिमणी, कावळा, पारवा ह्यांपलीकडे नाव येत नाही. चौथ्या दिवशी शिंपी आणि वटवट्या ह्यांत वाद घालण्याइतके ते पुढे गेलेले असतात. साहित्य शिकवणाऱ्यांना ह्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. नाव कळले की वस्तू संपत नाही, तिथे वाचन सुरू होते. आणि ज्याचे वाचन सुरू झाले, त्याच्याविषयी आपण बेफिकीर राहू शकत नाही.

काकबळीच्या पानावर उतरलेला कावळा कोणत्या जातीचा, हे आपण आजवर विचारले नाही. विचारायला हरकत नाही. त्याने पितरांचा मान कमी होणार नाही, कावळ्याचा मात्र वाढेल.